लॉरेल पेंगेलीचं वर्ष

आर्वो लेहतोने आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. बाकी कुणाचंही पत्र आलं की आठवड्याच्या आत त्याचं उत्तर जायचं. बियाण्यांच्या कंपनीचं "आमचं सूचीपत्रक आवडलं का?" असं छापील कार्ड आलं, तरी आर्वो त्यावर सुवाच्य अक्षरात दोन ओळी लिहून पाठवायचा. पण डुलुथ शहराहून आलेलं लॉरेल पेंगेलीचं पत्र मात्र आठ वर्षं स्वयंपाकघरातल्या फडताळात, कॉफीच्या रिकाम्या डब्यात पडून होतं. त्याच्या सोबतीला डब्यात एक पितळी नाणं होतं. बाजारात न चालणारं.

पत्र एका पानाचं होतं आणि आर्वोला ते पाठ होतं.

"मिस्टर लेहतो, तुमचं वाक्य मी पुष्कळ वेळा मनात घोळवलं. वाक्य देखणं आहे. तुम्ही ते बोललात त्याच दिवसापासून मी गोळ्या बंद केल्या. बाटली खणात भरलेली होती. पाच दिवस तिला हात लावला नाही. पाचव्या दिवशी बहिणीने मला अंथरुणातून उचलून दवाखान्यात नेलं. आता मी तिच्याकडेच राहते. डॉक्टर सांगतात तेवढ्या गोळ्या घेते, दोन पायांवर उभी राहते आणि पाव भाजते. दारूला शिवलेली नाही. तुमच्याकडून मला माफी वगैरे नको. दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. ते वाक्य खरं आहे का? आणि ते वर्ष माझं होतं की नव्हतं?"

आर्वोने उत्तरासाठी तीनदा कागद घेतला आणि तीनदा 'प्रिय लॉरेल' एवढं लिहून ठेवून दिला. पहिल्या वर्षी उत्तर सुचलं नाही, दुसऱ्या वर्षी उशिराची लाज वाटली, आणि पुढे त्या लाजेचीच सवय होऊन गेली.

आर्वो हायस्कुलाच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं होता, आणि त्यातली पहिली बावीस वर्षं तो प्यायचा. त्याच्या पिण्याला आवाज नव्हता. व्होडकाची बाटली पुस्तकांच्या कार्डांच्या कपाटात, 'क्यू' अक्षराच्या खणात असायची; त्या खणाकडे मुलं कधी फिरकत नाहीत हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दारू सुटली ती ल्युथरन चर्चच्या तळघरात भरणाऱ्या गुरुवारच्या बैठकीमुळे. तिथे प्रत्येकाची एक तारीख असते, शेवटच्या घोटानंतरच्या पहिल्या दिवसाची. आडनाव, धंदा, घरदार कुणी विचारत नाही, तारीख विचारतात. तारीख म्हणजे त्या माणसाची अब्रू. वर्ष पुरं झालं की पितळी नाणं मिळतं, पण ते सरळ हातावर ठेवत नाहीत. गोल करून बसलेल्या माणसांमधून ते फिरतं. जो तो क्षणभर मुठीत धरतो आणि पुढे देतो. सगळ्यांच्या हातांची ऊब घेऊन नाणं शेवटी धन्याकडे येतं. मधेच कुणाच्या मुठीत ते थांबलं, तर त्या माणसाला काही बोलायचं आहे असं समजतात.

लॉरेल त्या बैठकीत आली तेव्हा पन्नाशीची होती. बर्फावरून गाडी घसरून कमरेचं हाड तीन ठिकाणी मोडलेलं. काठी टेकत यायची. दर गुरुवारी केशर घातलेले पाव भाजून आणायची, तिच्या आजीच्या पद्धतीचे. तिच्या वर्षाचा दिवस उजाडला आणि नाणं फिरायला लागलं, तेव्हा ती काठीवर भार देऊन उभी राहिली.

"बारा महिने थेंब नाही," ती म्हणाली. "कमरेसाठी सकाळी एक आणि संध्याकाळी एक गोळी घेते. डॉक्टरांनी दिलेली आहे. वेळ चुकली तर अंग थरथरतं, घाम फुटतो, म्हणून चुकवत नाही. बाकी सगळं ठीक."

भट्टी किती तापवावी हे सांगावं तितक्या साधेपणाने ती हे बोलली.

"थरथरतं? घाम फुटतो?" रुडी हाकाला म्हणाला. रुडी सुतार, बैठकीचा जुना माणूस, तोंडाचा फटकळ. "अहो बाई, ही गोष्ट या खोलीत कुणाला नवी नाही!"

दोघंतिघं हसली. मग हसू ओसरलं आणि खुर्च्या करकरल्या. रुडी वळला.

"आर्वो, तू जगातलं सगळं वाचून बसलायस. तूच सांग. हे वर्ष धरायचं की नाही?"

नाणं नेमकं त्या वेळी आर्वोच्या मुठीत होतं. बारा माणसं त्याच्या तोंडाकडे पाहत होती. लाजऱ्या माणसावर अशी वेळ आली की तो खरं काय ते शोधत बसत नाही. लवकर सुटका होईल असं काहीतरी शोधतो. आर्वोला तर वाक्यं जुळवायची खोड. तो म्हणाला,

"ज्याच्यावाचून अंगाचं चालत नाही, ते व्यसन."

"वा!" रुडी म्हणाला. "याला म्हणतात बोलणं!"

नाणं मुठीतच राहिलं. लॉरेलने आधी आर्वोकडे पाहिलं, मग त्याच्या मुठीकडे. तिने कोट चढवला आणि काठी टेकत जिना चढून गेली. पावांचा ट्रे टेबलावर तसाच होता. बैठक संपल्यावर सगळ्यांनी कॉफीबरोबर पाव खाल्ले. एकही उरला नाही.

पुढच्या महिन्यात रुडीने ते वाक्य मेपलच्या फळीवर कोरून भिंतीवर ठोकलं. अक्षरं सुरेख आली होती. आर्वो तेव्हापासून फळीकडे पाठ येईल अशा खुर्चीवर बसू लागला.

*

आता आर्वो एकोणऐंशी वर्षांचा होता आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या गुरुवारी त्याला एकतिसावं नाणं मिळायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्याला डाव्या कुशीत नागीण झाली होती. फोड गेले, पण आग मागे राहिली; सदऱ्याचा स्पर्शही सोसवेना. डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली. ती मज्जातंतूंची आग शांत करते म्हणाले. आग खरंच निम्म्यावर आली. ही गोळी लॉरेलच्या गोळीसारखी अफूच्या जातीची नव्हती, झोप आणणारी नव्हती, म्हणून आर्वोच्या मनात तिच्याबद्दल कधी काही आलंच नाही. बाटलीबरोबर एक छापील कागद आला होता. सगळं वाचणाऱ्या माणसाने तेवढाच एक कागद वाचला नव्हता. घडी छान पडली होती म्हणून पुस्तकात खूण म्हणून घातला होता.

जानेवारी संपता संपता सरोवरावरून वादळ आलं आणि गावाकडचा रस्ता चार दिवस बंद झाला. आर्वोचं घर गावाबाहेर नऊ मैलांवर, पाण्याच्या काठाला. सरपण भरपूर होतं, सूपही होतं. पहिल्याच दिवशी सकाळी त्याने गोळीची बाटली उघडली तर आत नुसता कापसाचा बोळा. नवी बाटली आणायला आठवडाभरापूर्वीच जायचं होतं, ते तो साफ विसरला होता. रस्ता उघडला की आणू, असं म्हणून तो वाचायला बसला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पानावरच्या ओळी हलायला लागल्या. डोकं वळवलं की आत वीज चमकल्यासारखा झटका बसे. तिसऱ्या दिवशी पहाटे घामाने उशी भिजली होती. दुपारी बियाण्यांच्या सूचीपत्रकातलं गाजराचं चित्र पाहून त्याला रडू आलं. आणि कॉफीचा पेला धरला तर पेला बशीवर टकटक वाजायला लागला.

तो आवाज आर्वोच्या ओळखीचा होता. एकतीस वर्षांपूर्वी, बाटली सोडल्यावर, याच टेबलाशी त्याने तो ऐकला होता. त्याने पेला खाली ठेवला आणि हात मांडीखाली दाबून धरले.

ज्याच्यावाचून अंगाचं चालत नाही.

वाक्य त्याचंच होतं. त्याला पळवाट नव्हती. म्हणजे दोन वर्षं तो नाणी घेत होता आणि ती खोटी होती. तारीख गेली. गुरुवारी सगळ्यांसमोर उभं राहून, कालच आलेल्या नवख्या माणसासारखं, 'आज माझा पहिला दिवस' असं म्हणावं लागणार होतं. आर्वोने कॉफीचा डबा उघडला, पत्र काढलं, वाचता येईना म्हणून पाठ होतं ते मनात म्हटलं. 'अंग थरथरतं, घाम फुटतो, म्हणून चुकवत नाही.' हे तिने बैठकीत साधेपणाने सांगितलं होतं. त्याला मात्र स्वतःच्या मनाशीही ते कबूल करायला धीर होत नव्हता.

*

चौथ्या दिवशी रुडी ट्रकला बर्फ ढकलायचा फाळ लावून आला. दारापुढचं बर्फ ढकलून झाल्यावर तो आत आला आणि उंबऱ्यातच थांबला.

"अरे, तुझं तोंड तर चुन्यासारखं पांढरं पडलंय. पितोस की काय?"

ही रुडीची नेहमीची थट्टा. आर्वोने नेहमीसारखं मान हलवून सोडून दिलं नाही, तेव्हा रुडीने टोपी काढली.

"आर्वो?"

"मला गावात सोड. औषधांच्या दुकानात. मला गाडी चालवता येणार नाही."

ट्रक दोन मैल गेला. मग आर्वो खिडकीकडे पाहत म्हणाला, "गुरुवारी नाणं फिरवू नका. मी घेणार नाही."

"काय प्यायलास?"

"काही नाही."

"मग?"

"गोळी. नागिणीची. चार दिवस मिळाली नाही तर हे बघ." त्याने हात पुढे धरला. हात ट्रकच्या हादऱ्यांपेक्षा जास्त हलत होता.

रुडीने हाताकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. "नागिणीची गोळी म्हणजे काय... ती कुठे..." मग त्याचा आवाज खाली आला. "पण फळीवर तर तूच..."

"हो. मीच."

"एकतीस वर्षं, आर्वो."

"एकोणतीस. दोन खोटी धर."

"गप बस," रुडी म्हणाला, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. दुकानापाशी उतरवताना तो म्हणाला, "मी समोर खिळे घेतो. तुझं झालं की ये." आणि आर्वो उतरल्यावर काच खाली करून, "घसरू नकोस, म्हाताऱ्या!"

औषधांच्या दुकानात नेडा स्टिमॅक एकटीच होती. पंचेचाळिशीची, चष्मा केसांत खोचलेला. हायस्कुलात असताना ती आर्वोच्या ग्रंथालयात रोज यायची आणि पुस्तकं उशिरा परत करायची.

"मिस्टर लेहतो! बसा बसा, आधी बसा. किती दिवस झाले गोळी संपून?"

"तुला कसं कळलं?"

"बाटली कधी नेली ते इथे दिसतं ना. मी मंगळवारी फोन केला होता, तुमची लाईन बंद होती." तिने त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला, डॉक्टरांना फोन लावला, दोन मिनिटं बोलली आणि एक छोटी गोळी आणून दिली. "आज निम्म्या ताकदीची. परवापासून नेहमीची. झटके एकदोन दिवसांत जातील. ही गोळी एकदम सोडायची नसते. कागदावर लिहिलेलं असतं."

"कागद मी वाचला नाही."

"तुम्ही? तुम्ही वाचला नाही?" नेडा हसायला लागली, मग त्याच्याकडे पाहून थांबली.

आर्वोने गोळी तळहातावर धरली होती आणि तो ती घेत नव्हता.

"नेडा, ही घेतली तर मी पुन्हा त्याच वाटेला लागतो का?"

"कुठल्या?"

त्याने सांगितलं. गावात सगळ्यांना ठाऊकच होतं, तरी एवढं सलग तो कधी कुणाशी बोलला नव्हता. घाम, पेल्याचा आवाज, तारीख, गुरुवार. बोलताना तो मेजावरच्या खोकल्याच्या गोळ्या एका रांगेत लावत होता. नेडाने त्या लावू दिल्या.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "नवी बाटली घ्यायला का आला नाहीत?"

"विसरलो."

"विसरलात. बरं. आणि तुम्ही प्यायचात तेव्हा, बाटली संपत आलीय हे कधी विसरला होतात?"

आर्वोने मान वर केली. त्याच्या डोळ्यांपुढे 'क्यू' अक्षराचा खण आला. बाटलीत किती बोटं उरली आहेत हे त्याला झोपेतही ठाऊक असायचं. शुक्रवारी दुकान कधी बंद होतं, वाटेत कोण भेटेल, त्याला काय सांगायचं, हे सोमवारपासून ठरलेलं असायचं. बावीस वर्षांत एक दिवसही तो विसरला नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "कधीच नाही."

"मग? अहो, अंगवळणी पडणं वेगळं आणि नादी लागणं वेगळं. तुमचं शरीर या गोळीला सरावलंय. टेकू एकदम काढला, ते कोलमडलं. तुमची रक्तदाबाची गोळी आहे ना, तीही अशी एकदम बंद केली तर दाब उसळी मारेल. तिच्यासाठी उभे राहणार आहात का गुरुवारी?"

आर्वोला हसू आलं आणि हसताना डोक्यात झटका बसला.

"नादी लागतं ते माणूस," नेडा म्हणाली. "आणखी हवं, लपवून हवं, घर बुडालं तरी हवं. तुम्हाला या चार दिवसांत गोळी हवी होती की वाचता यायला हवं होतं?"

"वाचता यायला."

"झालं तर."

आर्वोने गोळी घेतली. पाणी प्यायला. मग पेला हातातच धरून त्याने विचारलं, "आणि समज, गोळी अफूच्या जातीची असेल तर? मोडलेल्या हाडासाठी?"

नेडाने चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर लावला. लॉरेल तिच्या गोळ्या याच दुकानातून न्यायची, त्यामुळे तो कुणाबद्दल विचारतो आहे हे तिला कळलं होतं. कळलं आहे हे तिने दाखवलं नाही.

"तिथे जपावं लागतं. काही माणसं नादी लागतात, खोटं कशाला बोलू? मी पाहिलीत, पुरलीतही. म्हणून तर डॉक्टर लक्ष ठेवतात. पण जो सांगितलं तेवढंच घेतो, कुणापासून लपवत नाही, आणि घेतल्यामुळे उभा राहतो, कामाला जातो, त्याला त्या माळेत ओवायचं नसतं. वेळ चुकल्यावर घाम फुटला, एवढ्यावरून तर मुळीच नाही. घाम दोघांनाही सारखाच येतो, मिस्टर लेहतो."

"मग ओळखायचं कसं?"

"विचारायचं. आणि ऐकून घ्यायचं. पुस्तकात नाही सापडत ते." मग तिला आपण कुणाशी बोलतो आहोत हे आठवलं. "म्हणजे पुस्तकातही आहे. पण तुम्ही कागदच वाचत नाही त्याला मी काय करू?"

*

गुरुवारपर्यंत झटके गेले होते, घाम थांबला होता.  चांगली बातमी खिशात घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसता आलं असतं. नाणं घ्यावं, आभार म्हणावेत, घरी यावं. एकतिसावं वर्ष त्याचं होतं, आता त्याला शंका नव्हती. शंका नव्हती म्हणूनच गप्प बसता येणार नव्हतं. एकच वाक्य त्याला सोडतं आणि लॉरेलला धरतं, असं कसं चालेल?

त्या दिवशी तो फळीसमोरच्या खुर्चीवर बसला. आठ वर्षांनी प्रथमच त्याने ती नीट वाचली. अक्षरं खरंच सुरेख होती.

रुडीने नाणं फिरवायला काढलं. आर्वोचं म्हणणं न मानता त्याने ते आणलं होतं. बारा हातांतून ते आलं आणि आर्वोच्या मुठीत थांबलं. त्याचंच नाणं, त्याच्याच मुठीत. पण तो बोलायला उभा राहिला.

"मी रोज एक गोळी घेतो," तो म्हणाला. आवाज चिरका आला. "चार दिवस मिळाली नाही तर अंग थरथरलं. घाम फुटला. या फळीप्रमाणे माझी तारीख गेली. पण तारीख गेलेली नाही. मी प्यायलेलो नाही, आणि मी गोळीच्या नादीही लागलेलो नाही. मी तर ती आणायला विसरलो होतो." कुणीतरी हसलं. "वाक्य चुकीचं आहे. ते मी केलं. सगळे बघत होते म्हणून केलं. त्या दिवशी लॉरेल पेंगेलीचं वर्ष पुरं झालं होतं आणि तिचं नाणं माझ्या घरी कॉफीच्या डब्यात आहे."

हे सगळं तो एका दमात बोलला, त्यामुळे शेवटचं वाक्य पुटपुटल्यासारखं झालं.

"मग उद्या कुणीही गोळ्यांची बाटली घेऊन येईल," रुडी म्हणाला, "आणि म्हणेल, डॉक्टरांनी दिली. माझा मेव्हणा हेच म्हणायचा. त्याला पुरला आम्ही. त्याचं काय?"

"त्याला विचारायला हवं होतं."

"विचारलं की! खोटं बोलला."

"लॉरेल खोटं बोलली होती?"

 रुडी आपल्या जाड बोटांकडे पाहू लागला. मेव्हण्याचं त्याने याआधी बैठकीत कधी सांगितलं नव्हतं.

"तिने तर कुणी न विचारता सांगितलं होतं," मागून कुणीतरी बाई म्हणाली. "आणि पाव आपण खाल्ले."

"मी दोन खाल्ले," रुडी म्हणाला.

बैठक संपल्यावर त्याने कोटाच्या खिशातून पेचकस काढला आणि फळीचे सहा स्क्रू एकेक करून सोडवले. आर्वोला वाटलं, तो ती घरी नेणार. पण रुडीने फळी उलटी केली, कोरी बाजू बाहेर ठेवून पुन्हा भिंतीला लावली आणि हाताने पुसली.

"मेपल आहे," तो म्हणाला. "टाकवत नाही. आणि हे बघ आर्वो, मला तुझं सगळं पटलेलं नाही."

"मलाही माझं सगळं पटत नाही."

"ते तर तुझं जन्माचंच आहे." टोपी घालताना तो पुढे म्हणाला, "ती अजून बहिणीकडेच आहे. नाताळात माझ्या बायकोला कार्ड येतं. पत्ता तोच."

*

शुक्रवारी सकाळी आर्वो कागद घेऊन बसला. पहिल्या मसुद्यात त्याने अंगवळणी पडण्याचं आणि नादी लागण्याचं सगळं नीट समजावून सांगितलं, चार पानं भरली. मग त्याला वाटलं, हे तिला आपण काय सांगणार? ते तिला आपल्या आधी आठ वर्षं ठाऊक आहे. चारही पानं चुलीत गेली. दुसऱ्या मसुद्यात तो स्वतःबद्दल इतका वाईट बोलला की वाचताना त्यालाच ते दिखाऊ वाटलं. तेही गेलं. तिसरा कागद दुपारी झाला.

"प्रिय लॉरेल,

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या होत्या. ते वाक्य खरं नाही. ते वर्ष तुमचं होतं.

त्या दिवशी मी तुम्हाला काहीच विचारलं नाही आणि निकाल दिला. तुम्ही दवाखान्यात पोचलात त्याला मी कारण आहे. हे मला आता स्वतःच्या अंगावरून कळलं, हीसुद्धा मला लाजेचीच गोष्ट वाटते. तुमच्या पत्रावरून कळायला हवं होतं.

फळी उलटी केली आहे. काल बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं. तुमचं नाणं सोबत आहे. ते थंड झालं असेल, त्याबद्दल माफ करा.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही. मला आठ वर्षं लागली.

आर्वो लेहतो"

त्याने नाणं डब्यातून काढलं. पितळ काळवंडलं होतं. सदऱ्याच्या टोकाने पुसलं, मग, कुणी पाहत नसतानाही जरा ओशाळून, मुठीत घट्ट धरून बसला. चांगलं ऊबदार झालं तेव्हा पत्राच्या घडीत घातलं. पाकीट जाड झालं म्हणून एक तिकीट जास्त लावलं.

रस्त्याच्या कडेची टपालपेटी बर्फात गळ्यापर्यंत बुडाली होती. आर्वोने फावड्याने ती मोकळी केली, पाकीट आत ठेवलं आणि पेटीच्या बाजूचा लाल झेंडा वर केला, म्हणजे टपालवाल्याला आत पत्र आहे हे कळावं. मग घरात येऊन खिडकीशी पुस्तक घेऊन बसला. ओळी आता स्थिर होत्या, पण तो एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होता. दोनदा त्याला वाटलं, 'माफ करा' काढायला हवं होतं. एकदा तर तो उठून बुटांपर्यंत गेलाही.

तीनच्या सुमाराला टपालाची गाडी आली, पेटीशी थांबली. हातमोजा घातलेला एक हात बाहेर आला. पाकीट आत गेलं, झेंडा खाली झाला आणि गाडी गावाकडे निघून गेली.